मागे फिरायला लाज कसली?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी तुमच्यातलीच. माझं माहेर माणदेशातलं. लहानपणी डोक्यावर हंडा घेऊन दोन-दोन किलोमीटर चाललेली पोरगी मी. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे नॉर्वे नावाच्या देशात गेले. तिथे अगदी उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. इतकं उत्तरेला की नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. चारी बाजूंनी समुद्र, आणि समुद्रातूनच वर निघालेले हजार-हजार मीटरचे डोंगर. सहा-सात महिने सगळं पांढरं. मी तिथल्या एका बालवाडीत मदतनीस आहे. सध्या सुट्टीला गावी आले आहे.

रेडिओच्या ताई म्हणाल्या, "तिकडचं काहीतरी सांगा." मी म्हटलं, "बर्फाच्या डोंगरात जिवंत राहायला कशी शिकले, ते सांगते." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, आमच्या बायकांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर!" खरं आहे. पण मी जे शिकले त्यातलं निम्मं बर्फाबद्दल होतं आणि निम्मं माणसांबद्दल. माणसं इथेही आहेत आणि तिथेही आहेत. म्हणून ऐका.

आधी स्की म्हणजे काय ते सांगते. चिखलात पाय रुतायला लागला की आपण फळी टाकतो ना? वजन पसरतं, पाय वर राहतो. तसंच हे. पायाला माणसाच्या उंचीएवढ्या दोन लांब, अरुंद फळ्या. टीव्हीवर दिसतात ती माणसं पाळण्यात बसून वर जातात आणि घसरत खाली येतात. ते वेगळं. मी शिकले ते असं की जिथे पाळणा नाही, रस्ता नाही, वाटेत माणूस नाही, तिथे आपल्याच पायांनी वर चढायचं आणि आपणच खाली यायचं.

तुम्ही म्हणाल, घसरणाऱ्या फळीवरून वर कसं चढायचं? त्याची गंमत आहे. फळीच्या खालच्या बाजूला केसाळ पट्टा चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून बघा. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलटा फिरवला की अडतो. हा पट्टा तसाच. पुढे सरकतो, मागे घसरत नाही. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा करायचे, म्हणून आजही त्याला 'कातडं'च म्हणतात. चढताना टाच मोकळी ठेवायची, माथ्यावर पट्टे काढायचे, टाच बांधायची आणि उतरायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी किती पडले ते विचारू नका. आमच्या बालवाडीतली तीन-तीन वर्षांची पोरं माझ्याभोवती फिरायची आणि मी आडवी. एक पोरगं मला म्हणालं, "तू आधी नीट पडायला शिक." अगदी बरोबर बोललं ते. पडताना बाजूला पडायचं. उठताना फळ्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच परत घसरायचं.

कपड्यांचं मात्र मला लवकर कळलं. अंगालगत सुती कपडा नको. घामाने भिजला की तो थंडगार होतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी ऊब देते. हे ऐकल्यावर मला आमच्याकडचे मेंढपाळ आठवले. भर पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे उभे राहणारे. तेही हेच जाणून होते.

आता मुख्य भीतीची गोष्ट. डोंगरावरचा बर्फ एकदम तुटून खाली येतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. बर्फ हा एकाच जातीचा नसतो. तो थराथरांनी पडतो. कधी भुसभुशीत, कधी वाऱ्याने दाबून घट्ट झालेला. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे कधी कधी साखरेसारखे मोकळे दाणे होतात. मग त्यावर नवा बर्फ येऊन त्याची घट्ट लादी बसते. तुम्ही असं करून बघा. तिरक्या पाटावर मोहरी पसरा, त्यावर एक फळी ठेवा आणि फळीवर बोटाने दाबा. फळी सुटते की नाही? तिथे ती फळी म्हणजे शंभर फूट रुंद लादी असते आणि दाबणारं बोट म्हणजे आपण. ज्यांचा हिमस्खलनात जीव जातो, त्यातल्या दहापैकी नऊ वेळा तो बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने तोडलेला असतो. डोंगर आपणहून अंगावर आला असं फार कमी वेळा होतं.

म्हणून शिकताना पहिला धडा उताराचा. फार सपाट जागी बर्फ सुटत नाही. फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. धोक्याचा उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा. म्हणजे घरातल्या जिन्याइतका किंवा त्याहून थोडा उभा. आणि नेमका तोच उतार फळ्यांवरून उतरायला सगळ्यात मजेचा! मोबाईलवरही उतार मोजता येतो. आमची शिक्षिका म्हणायची, "शंका असेल तेव्हा तीसच्या आतल्या उतारावर राहा. आणि वर मान करून बघा. तुम्ही सपाटीवर असाल, पण तुमच्या डोक्यावर काय लटकतंय?"

दुसरा धडा, निघण्याआधी इशारा वाचायचा. नॉर्वेत 2013 पासून सरकारी खातं हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज देतं. त्या सेवेचं नाव 'वार्सोम'. त्या भाषेत त्याचा अर्थ 'जपून'. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तुम्हाला वाटेल, पाचव्या पायरीला सगळ्यात जास्त माणसं मरत असतील. नाही. पाचला सगळे घरी बसतात. सगळ्यात जास्त जीव जातात तीनवर. कारण तीन म्हणजे 'धोका आहे, पण बघू'. हे 'पण बघू' फार वाईट.

तिसरा धडा, बर्फ स्वतः सांगतो ते ऐकायचं. आसपास ताजा बर्फ कोसळलेला दिसतोय का? रात्रीत खूप नवा बर्फ पडला किंवा वाऱ्याने आणून टाकला का? एकदम ऊन तापलंय का? फळीच्या टोकापासून बर्फाला चीर जाते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालताना पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज येतो का? जणू पोकळ जमीन खाली बसली. तो आवाज म्हणजे आतला कच्चा थर मोडला. तो ऐकला की उभ्या उताराकडे जायचंच नाही. तिथे वाद नाही.

चौथा धडा हत्यारांचा. प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यातच. एक, छातीशी बांधायचं छोटं यंत्र, जे सतत संदेश पाठवत राहतं. कोणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपली यंत्रं 'शोध' वर करायची आणि संदेशाच्या मागावर जायचं. दुसरी, घडीची लांब सळी. ती बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपायचं. आणि तिसरं, फावडं. गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत काढलं तर दहापैकी नऊ जण जगतात. अर्धा तास गेला तर दहापैकी तीनच. म्हणजे गावातून मदत येईपर्यंत वेळ नसतो. तुमच्या सोबतचे चार लोक हीच तुमची मदत.

खणण्याच्या सरावात मात्र मी सगळ्यांना मागे टाकलं बरं का! कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. मीटरभर खोल गेलेल्या माणसासाठी टनभर बर्फ उपसावा लागतो. शिक्षिकेने शिकवलं की सळी जिथे लागली तिथे वरून खड्डा पाडायचा नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं. एकीने पुढे तोडायचं, बाकीच्यांनी मागे ओढायचं आणि दमायच्या आत जागा बदलायची. मी म्हटलं, हे तर आमचं नालाबंडिंगचं काम! दुष्काळात रोजगार हमीवर माझ्या आईने हेच केलेलं.

पाचवा धडा चालीचा. शंकेचा उतार ओलांडायचा असेल तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. खाली घळ असेल तिथे तर जास्तच जपायचं, कारण थोडासा बर्फही त्यात खोल साचतो.

हे सगळं मी शिकले. कोर्स पूर्ण केला. यंत्र घेतलं, सळी घेतली, फावडं घेतलं. आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आजही जड जातं.

दुसऱ्या हिवाळ्यातली, मार्च महिन्यातली गोष्ट. आम्ही चौघं निघालो. दोघी बायका, दोघं पुरुष. त्यातला एक तिथलाच, वीस वर्षं त्या डोंगरांत फिरलेला. त्या दिवशी इशारा तीनचा होता. म्हणून आम्ही ठरवलं की वाट सौम्य घ्यायची, वर जायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. ठरलेलं सगळं योग्य होतं.

चढताना एका जागी माझ्या फळ्यांखालून तो आवाज आला. धप्प. मी थबकले. पुढच्यांकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, मलाच भास झाला असेल. तीन तासांनी माथ्यावर पोचलो. स्वच्छ ऊन, खाली निळा समुद्र. सगळे खुशीत. बाजूच्या उभ्या उतारावर दोघा-तिघांच्या फळ्यांच्या रेघा दिसत होत्या. आमचा तो जाणता माणूस म्हणाला, "लोक गेलेत. आपणही इकडूनच उतरू. चालेल ना?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझ्या घशात शब्द होता. पण तो बाहेर आला नाही. का आला नाही याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक म्हणजे भाषा मोडकीतोडकी. दुसरं, तो वीस वर्षांचा अनुभवी, मी दोन वर्षांची. तिसरं, सगळ्यांच्या आनंदावर पाणी का टाका? आणि चौथं, लहानपणापासून ऐकलेलं, "मोठी माणसं बोलतात तिथे तू मध्ये तोंड घालू नकोस." नऊ हजार फूट दूर असतं तर सुटलंही असतं ते, पण ते तर माझ्या आतच बसलेलं. मी मान हलवली. चौघांनीही हलवली.

तो पहिला उतरला. पाच-सहा वळणं घेतली असतील. त्याच्या वरच्या बाजूला एक काळी रेघ उमटली आणि सगळा उतार काच तडकावी तसा तुटला. तो दिसेनासा झाला. आम्ही तिघं वर उभे. नशिबाने आमच्या पायाखालचा बर्फ तसाच राहिला.

बर्फ थांबला तेव्हा तो खाली दिसला. छातीपर्यंत गाडलेला, डोकं बाहेर. आम्ही तुटलेल्या जागेच्या कडेकडेने, एकेक करून उतरलो. फोन केला. खणायला लागलो. डोकं बाहेर असूनही त्याचे पाय मोकळे करायला आम्हा तिघांना वीस मिनिटांच्या वर लागली. तो पूर्ण आत गेला असता तर? त्या हिशोबाने मला पुढे महिनाभर झोप लागली नाही. गुडघा फाटला होता. हेलिकॉप्टर आलं, त्याला नेलं. तो वाचला.

आठवड्याने आम्ही त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. मी रडत रडत सांगितलं, "मी चढताना तो आवाज ऐकला होता. मी बोलले नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मीही ऐकला होता."

मग तिसरी म्हणाली, "मीही." चौथाही तेच म्हणाला.

चौघांनी ऐकलं होतं आणि चौघंही गप्प बसलो. मी गप्प, कारण तो जाणता आहे, त्याला कळेल. तो गप्प, कारण कोणी काही म्हणत नाही, म्हणजे सगळे खुशीत आहेत, आपण कशाला मोडता घाला. आमच्याकडे यंत्रं होती, फावडी होती, ज्ञान होतं, इशाराही वाचलेला होता. फक्त तोंड उघडलं नव्हतं.

नंतर मी आमच्या शिक्षिकेला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बहुतेक अपघात असेच होतात. ओळखीची जागा, पुढे गेलेल्यांच्या रेघा, सोबत एक जाणता माणूस आणि नाराज न करण्याची इच्छा. बर्फापेक्षा हे जास्त फसवतं." मग तिने तिच्या गटाची पद्धत सांगितली. निर्णयाच्या जागी थांबायचं. सगळ्यात नवखं माणूस आधी बोलणार, सगळ्यात जाणतं माणूस शेवटी. "चालेल ना?" असं विचारायचं नाही. "परत फिरायचं कारण कोणाला दिसतंय?" असं विचारायचं. आणि एकानेही 'नको' म्हटलं की सगळे परत. त्याला का म्हणून छेडायचं नाही, चेष्टा करायची नाही.

नॉर्वेच्या लोकांनाही हे फुकट समजलेलं नाही. 1967 साली ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत अठरा माणसं गेली. त्यानंतर तिथल्या रेड क्रॉसने आणि डोंगरभ्रमंतीच्या संस्थेने मिळून डोंगरात जाणाऱ्यांसाठी नियम लोकांपर्यंत पोचवले. 2016 मध्ये ते नव्याने लिहिले. एकूण नऊ आहेत. जाण्याआधी बेत आखा आणि कुठे जाताय ते सांगून जा. आपल्या ताकदीप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे वाट निवडा. हवामानाचा आणि हिमस्खलनाचा इशारा ऐका. जवळ जायचं असलं तरी वादळाची तयारी ठेवा. स्वतःला आणि दुसऱ्याला मदत करता येईल असं सामान न्या. सुरक्षित वाट धरा. नकाशा आणि होकायंत्र वापरा. वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही. आणि शेवटचा, ताकद राखून ठेवा, गरज पडली तर आडोसा शोधा.

त्यातला आठवा नियम तिथे लहान पोरांनाही पाठ असतो. मागे फिरण्यात लाज नाही. आमच्या बालवाडीत सहलीला गेल्यावर एखादं पोरगं ओरडतं, "मला भीती वाटते, परत जाऊ या." आणि आम्ही खरंच परत जातो. त्या पोराला कोणी भित्रं म्हणत नाही. मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. आता कळतं की ते पोर बोलायला शिकतंय. मोठेपणी त्याच्या घशात शब्द अडकणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो, फरशीवरून पाणी वाहतं. वडापची जीप येऊन थांबते. आत बारा-पंधरा जण. ड्रायव्हर म्हणतो, "रोजचा रस्ता आहे. आत्ताच एक गाडी गेली पलीकडे." मागच्या सीटवरच्या बाईच्या पोटात गोळा येतो. बाळ मांडीवर. पण ती बोलत नाही. तिला वाटतं, बाकीचे गप्प आहेत, म्हणजे ठीक असेल. बाकीच्यांना वाटतं, ही गप्प आहे. आठवतंय ना? ओळखीचा रस्ता, पुढे गेलेल्याची रेघ, जाणता माणूस. सगळं तेच. फक्त बर्फाच्या जागी पाणी.

बचत गटातही बघा. मोठ्या कर्जाचा ठराव येतो. "सगळ्यांना मान्य ना?" माना हलतात. हप्ते थकले की मग घराघरांतून ऐकू येतं, "मला तेव्हाच वाटलं होतं." तेव्हाच वाटलं होतं, तर तेव्हाच बोलायला जागा हवी होती. ती जागा गटाने करून द्यायची असते.

म्हणून एवढंच सांगते. तुमच्या पुढच्या बैठकीत करून बघा. सगळ्यात नवी, सगळ्यात लहान, कधीच न बोलणारी सून असेल, तिला आधी विचारा. "मान्य ना?" विचारू नका, "कुणाला काय खटकतंय?" विचारा. अध्यक्षाबाईंनी शेवटी बोलावं. आणि फरशीवर पाणी असेल तर "भाऊ, मला इथेच उतरवा" असं मोठ्याने म्हणा. तुम्ही म्हणालात की मागून दुसरी म्हणेल, तिसरी म्हणेल. त्यांच्याही पोटात तोच गोळा असतो.

आमचा तो जाणता मित्र आता पुन्हा डोंगरात जातो. मीही जाते. गेल्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा त्याच डोंगरावर गेलो होतो. माथा अर्ध्या तासावर होता. मला वारा आवडला नाही. मी म्हटलं, "मला परत जायचंय." माझी नॉर्वेजियन अजूनही मोडकीच आहे, पण तेवढं वाक्य मला पक्कं येतं. तो काही न बोलता वाकला आणि फळ्यांचे पट्टे काढायला लागला. खाली येऊन आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. त्या दिवशी तो उतार कोसळला असता की नसता, हे आम्हाला कधीच कळणार नाही. न कळलेलंच बरं.

 पावसाळ्यात जपून राहा.